शेजाऱ्यांचं हरीण

सेंगकांगच्या आमच्या इमारतीमधले हे बँकवाले शेजारी न्यूझीलंडहून शिकार करून आल्यापासून लिफ्टमध्येसुद्धा छत्री बंदुकीसारखी धरतात. "मोकळ्या रानातलं तांबडं हरीण. कुंपण नव्हतं हं!" हे त्यांचं पालुपद. लिफ्टमध्ये ते ऐकता ऐकता आमचा मजला हल्ली फार वर गेल्यासारखा वाटतो.

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो. सोफ्यामागच्या भिंतीवर शिंगांसकट हरणाचं मुंडकं टांगलेलं. मी विचारलं, "रानडुक्कर नाही मिळालं?"

"अगदी समोर आलं होतं. सोडून दिलं." त्यांनी हात जोडले. "वराह अवतार. उगाच पाप नको."

"आणि हरीण?"

"अहो, रामानेही मारलंच की!"

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "आणि तो परत येईपर्यंत घरी काय झालं, तेही सांगा ना भावजींना."