विल्सनांची भावकी

आमच्या जेद्दाच्या हॉस्पिटलातला रेकॉर्डचा कारकून रत्नागिरीकडचा. त्याच्या गावात एका आडनावाची माणसं म्हणजे एकच भावकी, आणि हा नियम त्याने इंग्रजांनाही लावलेला. आमचे सर्जन विल्सन, त्यामुळे जगातला प्रत्येक नामांकित विल्सन, मग तो पंतप्रधान असो की गायक, त्यांचा चुलता नाहीतर चुलतभाऊ. परवा कुणी विल्सन नावाचा जुना फुटबॉलपटू वारला, तर हा खजुराचा डबा घेऊन सर्जनच्या केबिनमध्ये मान खाली घालून बसला.

"तो माझा कुणीच नव्हता," साहेबांनी सांगून टाकलं.

डबा तसाच घेऊन हा बाहेर आला. मला म्हणाला, "जमिनीचा वाद दिसतो, डॉक्टर. पण मयताला तरी जावं माणसानं."

बागेच्या वादापायी मी काकांच्या मयताला गेलो नव्हतो. गुपचूप एक खजूर तोंडात टाकला.