अण्णांची फौज

भूकंपानंतर लातुरात पक्क्या छताखाली झोपायची धास्तीच बसली होती. म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, अंगणात पत्र्याचं शेड उभारलं. पुढं धास्ती ओसरली, शेड राहिलं, आणि त्यातच अण्णांचा जीवशास्त्राचा क्लास सुरू झाला. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं पार लोह्याहून, भोकरहून येऊन खोल्या करून राहायची. अण्णा शिकवायचे झकास, पण मध्येच कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. सर म्हणतील ते खरं, असा शेडचा कायदाच होता. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची फौज, फौज पोचली की शत्रू मेला, हे वाक्य तर मला भाकरी थापता थापता पाठ झालं होतं.

त्याच अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही बाहेर पसरू लागलेला. नांदेडचा डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. अण्णा आत शिरताच तो खुर्ची सोडून उठला, पाया पडला आणि त्यांना बसवून स्वतः उभाच राहिला. मला भारी कौतुक वाटलं त्याचं. गाठीतून काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टात, भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी आहे, असं लिहिलेलं होतं. डॉक्टर इंजेक्शनं सुरू करू म्हणाला, तर अण्णांनी ती ओळ मोठ्यानं वाचली.

“बघ, फौज पोचली. आता तुझी इंजेक्शनं कशाला? तिला तिचं काम करू दे.”

डॉक्टरनं मान हलवली. “हाव सर. पण घेतलेली बरी... तुम्हीच बघा.”

अण्णांना तेवढंच पुरलं. घरी गुळवेलीचा काढा सुरू झाला, फौजेला रसद म्हणून. मी भांडले, रडले, अबोला धरला. “डॉक्टरच हाव म्हणला की,” एवढंच त्यांचं उत्तर. शेडमधून पोरं एका सुरात तेच फौजेचं वाक्य घोकायची. मग अण्णांची कंबर दुखायला लागली. बाजेवरून उठताना ते भिंत धरू लागले. रक्त तपासलं तर पीएसएचा, म्हणजे या कॅन्सरच्या खुणेचा, आकडा चांगलाच चढलेला. पुन्हा नांदेड गाठलं. 

डॉक्टर याही वेळी उभाच.

“लढाई जोरात चालू हाय,” अण्णा म्हणाले, “म्हणून आकडा चढून राहिला.”

त्याची मान हलायला लागलेली पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

“तू डॉक्टर हायस का अजून मागच्या बाकावरचा पोरगा? मरून राहिलेत ते! खाली बस आन् खरं सांग.”

तो बसला. 

“सर, फौज आली, पण गाठीनं ती फितवली. फौजेतल्या भक्षक पेशींची कामं दोन, शत्रूला मारायचं आन् मग जखम भरायची. गाठ त्यांना मारू देत न्हाई, डागडुजीलाच जुंपते. मग त्या गाठीलाच नव्या रक्तवाहिन्या करून देतात, तिला वाढवणारे रस सोडतात, आन् ज्या पेशी खरंच मारतात त्यांना अडवून धरतात. काही लढतात, पण त्या कमी पडतात.”

“म्हणजे कुंपणच शेत खाऊन राहिलं,” अण्णा पुटपुटले.

“हाव. गाठ वाढती ती पुरुषी हार्मोनवर. पोटावर टोचायचं इंजेक्शन ते बंद करतं. फौजेच्या भरवशावर राहू नका, सर.”

अण्णांचा चेहरा पार उतरला. आता उठून चालू लागतात की काय, म्हणून मी दाराकडे सरकले.

“हे तुला पहिल्या दिवशीच माहीत होतं?”

“हाव, सर.”

“मग मला का न्हाई अडवलंस?”

डॉक्टरचे डोळे भरून आले. “तुम्हाला अडवायचं असतं, हे तुम्ही आमाला कधी शिकवलंच न्हाई.”

इतका वेळ मला डॉक्टरची चीड येत होती. ती तिथल्या तिथं अण्णांवर उलटली, आणि मग दोघांचीही कीवच आली. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोल लावायचा तरी कुणाला? अण्णांनी सावकाश सदरा वर केला आणि पोट उघडं केलं. 

“लई भीती वाटून राहिली रे,” ते आपल्या विद्यार्थ्याला म्हणाले. “आता थांबू नको.”