रुमाल न टाकता मिळालेली जागा

पद्मावती चौगुले बाईंची आणि माझी ओळख एका रुमालामुळे झाली. तो रुमाल बाईंचा नव्हता आणि माझाही नव्हता.

रहिमतपूरच्या स्टँडवर सकाळची सातारा गाडी लागत होती. ती थांबायच्या आत लोक तिच्या बाजूने पळत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, डब्याच्या पिशव्या आत फेकत होते. ज्याची वस्तू सीटवर पडली त्याची जागा, असा आमच्याकडचा कायदा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. रेटारेटीत कशीबशी आत चढले, तर एका सीटवर चौकड्यांचा रुमाल आणि शेजारी तान्हे बाळ घेऊन उभी असलेली एक आई. मागून आलेल्या चौगुले बाईंनी तो रुमाल उचलला, नीट घडी घातली आणि त्या आईला बसवले.

एवढ्यात रुमालाचा मालक आत आला. "आवं बाई, माझी जागा हाय ती. रुमाल टाकलावता मी."

"हा घे तुझा रुमाल," बाई म्हणाल्या. "आता यांना तूच उठव. मला काही ते जमायचं नाही."

त्याने बाळाकडे पाहिले आणि "तसं न्हाई बाई" म्हणत रुमाल खिशात घातला. मागून कुणीतरी म्हणाले, "गड्या, आता शर्ट टाकून बघ." सगळी गाडी हसली, तोही हसला. बाईंनी त्याला हसता येईल एवढी मोकळीक ठेवली होती, हे मला नंतर कळले.

बाई मूळच्या सांगलीकडच्या, जैन शेतकरी कुटुंबातल्या. शिक्षिका म्हणून रहिमतपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. निवृत्तीनंतरही साताऱ्यातल्या एका वसतिगृहातल्या मुलींना गणित शिकवायला त्या याच गाडीने जातात. त्यांच्या अध्यापनाविषयी पंच्याहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. त्यांनी मला जे शिकवले ते स्टँडवर.

त्याच वर्षी एका सकाळी वडिलांनी मला गाडीच्या दारात लोंबकळताना पाहिले. संध्याकाळी ते म्हणाले, "आसं धक्के खात जायाचं आसंल तर ऱ्हाऊ दे कॉलेज. लय झालं शिक्षण." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे त्यांना समजावणारे घरात कुणी नव्हते. बाईंना कळल्यावर त्या घरी आल्या. शिक्षणाचे महत्त्व वगैरे त्या काही बोलल्या नाहीत. चहा घेतला आणि वडिलांना म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. मीही माझ्या मुलीला असं पाठवलं नसतं. मला थोडे दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी गाडीचे दार जिथे येते तिथे बाई उभ्या राहिल्या आणि मला मागे उभे केले. दोघींची रांग पाहून लोक हसायचे. "बाई, रेशन हितं न्हाई मिळत," असेही कुणी म्हणाले. आम्हा दोघींना बरेच दिवस उभ्यानेच जावे लागले. मग बाळाची ती आई आमच्या मागे उभी राहू लागली, मग कॉलेजच्या मुली, आणि एके दिवशी रुमालवाला तरुणही. कंडक्टर दार अडवून म्हणू लागले, "आदी उतरू द्या, मग रांगंनं या." वडील एकदा लांबून पाहून गेले. दुसऱ्या दिवसापासून मला स्टँडवर सोडायला सायकल काढू लागले. आज मी पदवीधर आहे, साताऱ्यात नोकरी करते, ते या रांगेमुळे.

इथवर लिहून मी थांबणार होते. पण मन स्वस्थ नाही.

काही महिन्यांपूर्वी साताऱ्याला उतरताना, चढणाऱ्यांच्या लोंढ्यात बाई पायरीवरून पडल्या. गुडघा दुखावला. त्या घरी बसल्या आणि आठवड्याभरात आमची रांग मोडली. पुन्हा रुमाल उडू लागले. मी बाईंच्या जागी उभी राहून "रांगेत या" म्हणत राहिले. "तू कोन गं, बाईंची मुनीम?" एकाने विचारले. कुणी आले नाही. वर्षानुवर्षे लोक रांगेत उभे होते की फक्त बाईंच्या धाकात, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

बाई बऱ्या होऊन पुन्हा आल्या त्या दिवशी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी प्रेमाने एक गोष्ट केली. खिडकीतून टॉवेल टाकून त्यांच्यासाठी पुढची सीट धरली.

"बाई, बसा. खास तुमच्यासाठी धरलीय."

"माझ्यासाठी धरलीत, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी घेतलीत," बाई म्हणाल्या आणि दांडी धरून उभ्या राहिल्या.

मग तिथे बसायची कुणाचीच छाती होईना. खचाखच भरलेली गाडी, दुखऱ्या गुडघ्यावर उभ्या बाई आणि मध्ये टॉवेल पांघरलेली रिकामी सीट. कोरेगावपर्यंत गाडी तशीच गेली. तिथे एक अनोळखी आजोबा चढले. "हितं कोन बसलंय?" त्यांनी विचारले. टॉवेल बाजूला सारून ते बसले. मग त्यांचे लक्ष बाईंकडे गेले.

"पाय दुखतोय व्हय? या, बसा. मी हाय अजून दणकट."

"आभारी आहे," म्हणून बाई लगेच बसल्या.

टॉवेलवाले विद्यार्थी खाली मान घालून उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी दोघे रांगेत आले. बाकीचे अजून खिडकीशी पळतात.

पंच्याहत्तरीच्या समारंभाला साताऱ्याला येण्यासाठी समितीने मोटार पाठवायचे ठरवले होते. बाईंनी ती नाकारली. त्या नेहमीच्या गाडीने येणार आहेत. हा ग्रंथ हाती घेणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच गाडीचे प्रवासी आहेत, म्हणून हे लिहिले. सभागृहात आपण शाल देऊ, टाळ्या वाजवू. पण त्या सकाळी फलाटावर काय असेल, याची मला अजून खात्री नाही.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघा पूर्ण बरा होवो. आणि यापुढे कोणत्याही सकाळी त्या स्टँडवर येतील तेव्हा रांग आधीच लागलेली असो आणि त्यांना तिच्या शेवटी जाऊन उभे राहावे लागो.