हौसेराव मिस्त्रींचा दीड फेरा

माझी बाइक एकोणीस वर्षांची, आणि माझं डोकं तिच्याहून लवकर तापतं. महिनाभर ती प्रत्येक सिग्नलला बंद पडत होती. कामोठ्याहून खारघरच्या कॉलेजात पोचेपर्यंत किका मारून माझा जीव जायचा, वर मागच्यांचे हॉर्न.

हौसेराव मिस्त्रींकडे तिसऱ्यांदा गेलो तो भांडायच्या तयारीनेच. हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे, पंचवीस वर्षं कामोठ्यात जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर खोलतायत. त्यांचं नाव झालं ते त्यातल्या एका बारक्या स्क्रूवर. गाडी जागेवर उभी असताना इंजिन चालू राहतं ते त्याच्या जिवावर. तो हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यायचा आणि दीड फेरा मागे घ्यायचा. टेकला हे फक्त बोटांना कळतं. हौसेराव ते रस्त्याकडे बघत, गप्पा मारत करायचे.

आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं होतं, "आताच्या पेट्रोलात राम न्हाई." मलाही पटलं. पेट्रोलला नावं ठेवलेली बरी, ते उलटून बोलत नाही.

या वेळी मी म्हणालो, "तात्या, पेट्रोल सगळ्यांचं तेच आहे. माझीच का बंद पडते?"

त्यांनी कार्बोरेटर उतरवला, धुतला, जेटच्या बारीक भोकातून फुंकर मारली. मग तो स्क्रू काढून उजेडात धरला. निमुळतं टोक चेपलेलं होतं. पहिल्या खेपेला त्यांनीच तो नवा घातला होता.

"हे मी केलं," भाजीचा भाव सांगावा तसं ते म्हणाले. "टेकल्यावर बी पिळत ऱ्हायलो. शुगरनं बोटं मेल्यात. दोन वर्सं झाली. घरात बी सांगितलं न्हाई."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"जपा म्हनतोय."

"मग?"

"मग काय. जपतोय."

घरून आणलेल्या रागाचं काय करावं मला कळेना. लाज वाटली. त्यांना काय वाटत होतं ते तोंडावर कुठेच दिसत नव्हतं.

त्यांनी नवा स्क्रू लावला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "तुमी फिरवा. टेकला की थांबा."

मी कॉलेजात फायली लावणारा माणूस. भीत भीत फिरवला. एका ठिकाणी काहीतरी अगदी हलकं अडलं. थांबलो, दीड फेरा मागे घेतला.

बाइक सुरू झाली आणि बंदच पडेना. आम्ही दोघं नुसते तिच्याकडे बघत उभे राहिलो.

"टेकला तवा कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "तात्या, तुम्हाला ते माहीतच आहे की."

"व्हतं," ते म्हणाले.

तेवढ्यात एक माणूस जुनी स्कूटर ढकलत आला. चोक ओढूनही सुरू होत नाही म्हणाला. हौसेरावांनी त्याला स्टँडही लावू दिला नाही.

"कार्बोरेटर मी करत न्हाई आता," म्हणाले, आणि फडक्याने हात पुसू लागले.