डब्यांची वही

"थांब पोरी. आदी मानूस, मग बटन."

एवढं म्हणून काका आपलं चष्म्याचं घर माझ्या कीबोर्डवर आडवं ठेवायचे. ठेवलं की पुढं काही दाबायची सोय नाही. घर पत्र्याचं होतं, झाकण नीट बसत नव्हतं म्हणून त्याला रबर लावलेलं.

साताऱ्याच्या एमआयडीसीत पंपाचे भाग करणारा एक कारखाना होता, त्याच्या टाइम ऑफिसात ते कंत्राटावर होते. गाव कोरेगावकडचं, फौजेत सिग्नलला हवालदार होऊन आलेले. मी सांगलीहून कॉम्प्युटरचा कोर्स करून गेलेली, बावीस वर्षांची, आणि शहाणपण अगदी उतू चाललेलं. मी त्यांना काका म्हणायचे.

आधी काम सांगते, म्हणजे तुमचा घोळ होणार नाही. गेटवर कार्ड ओढायचं यंत्र नवीनच बसवलं होतं. कामगार आत आला की एक नोंद, बाहेर गेला की दुसरी. दोन्हींचा मेळ बसला तर हजेरी लागायची. नाही बसला तर ती नोंद एका वेगळ्या यादीत जाऊन पडायची. काका तिला 'नापासांची यादी' म्हणत. ती निस्तरायला यंत्र बसवणाऱ्या पुण्याच्या लोकांनी एक स्क्रीन दिला होता आणि त्यासाठी तीन बटणं: पुन्हा चालव, दुरुस्त कर, काढून टाक. पहिलं दाबलं की नोंदी जशाच्या तशा परत यायच्या. दुसऱ्याला पुरावा लागायचा. तिसरं मात्र पहिल्या फटक्यात चालायचं.

महिनाअखेर यादी रिकामी दिसली पाहिजे, हा साहेबांचा हुकूम. काका डबे वाटायला गेले की मी तिसरं बटण दाबून मोकळी व्हायचे. दोन महिने हेच केलं.

डब्यांचं काम काकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. माणूस सकाळी घर सोडायचा, मागून बायको डबा करून एसटीत द्यायची, अकराच्या सुमाराला सगळे डबे गेटवर उतरायचे. काका ते घेऊन रांगेत लावत आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत टिपत. कुणाचा आला, कुणाचा नाही, कुणाचा भरलेलाच परत गेला. एखादा डबा हातात तोलून म्हणायचे, "लय हलका लागतोय. घरात वाजलंय गड्याचं." मी हसायचे. कसली ही वही, म्हणायचे.

वर्ष संपत आलं तेव्हा प्रेस शॉपमधला एक बदली कामगार ऑफिसात येऊन उभा राहिला. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम व्हायचा हक्क लागत होता. कॉम्प्युटर त्याचे दोनशे एकतीस दाखवत होता.

"आवं काका, म्या एक दिस बी चुकलो न्हाई. बायकूला इचारा."

"बायकूला कशाला? वहीला इचारतो."

तो गेल्यावर काकांनी माझ्याकडं पाहिलं. "नापासात ह्याच्या नोंदी हायत का गं?"

"होत्या. मी काढून टाकल्या."

"किती जनांच्या?"

"मोजल्या नाहीत."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला आणि वही उघडली.

सगळा उलगडा त्या वहीतच झाला. चालू महिन्याची नापासांची यादी अजून शिल्लक होती. तिच्यातल्या प्रत्येक तारखेला वहीत एकच शेरा: 'पंखे बंद, डबे व्हरांड्यात खाल्ले.' म्हणजे त्या दिवशी लाईट गेली होती. काका उठून गेटवर गेले, यंत्राचा खटका पाडला, परत चढवला. घड्याळ बारावर जाऊन बसलं.

"बघ. लाईट आली की ह्ये येडं परत बारापासनं मोजाय लागतंय. मानूस सकाळी आठला आत, आन बाहेर पडला म्हनं रातच्या एकला. आत यायच्या आदी बाहेर! कॉम्प्युटर तरी काय करंल बिचारा?"

मागचे दोन महिने त्यांनी वहीवरून परत उभे केले. व्हरांड्यातला दिवस शोधायचा, त्या दिवशी कुणाचा डबा येऊन रिकामा परत गेला ते बघायचं, फोरमनची सही घ्यायची. बऱ्याच जणांचे दिवस परत मिळाले. त्या कामगाराचे बरोबर नऊ निघाले.

साहेबांनी कागद पाहिले, मान्य केले. मग विचारलं, "या नोंदी उडवल्या कुणी?"

मी टेबलाशीच उभी होते. पायाखालच्या फरशीला एक तडा होता, तो मला अजून आठवतो.

"म्या," काका म्हणाले. "चष्मा नव्हता डोळ्यावर. चुकून बटन दाबलं."

मी बोलले नाही. बाहेर आल्यावर त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

त्यांचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. साहेबांनी ते पुढं वाढवलं नाही. कॉम्प्युटरमधून त्यांच्या कार्डाचा नंबर मीच कमी केला, कामच होतं ते माझं. लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. तो कामगार कायम झाला, त्यानं कंदी पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

नंबर कमी केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसते न बसते तोच काका दारात दिसले. चालत आत आले आणि लाल वही माझ्या कीबोर्डवर आडवी ठेवली.

"आता डबे तू टिपत जा," म्हणाले. कार्ड टेबलावर ठेवलं आणि गेले.

थोड्या वेळानं नापासांची यादी उघडली. घड्याळ दुरुस्त झालं होतं, तरी एक ओळ आलीच होती. सवयीनं आत येताना त्यांनी कार्ड ओढलं होतं. नंबर ओळखीचा नाही, मशीन म्हणत होतं. पुन्हा चालवून पाहिलं, तेच. दुरुस्त करायला गेले तर पुरावा काय, असं विचारलं.

माणूस आला होता, मी डोळ्यांनी बघितलं होतं. साहेबांच्या टेबलाशी जे बोलले नव्हते, ते अजूनही जाऊन बोलता आलं असतं. साहेबांची खोली चार पावलांवर होती.

मी कीबोर्डवरची वही उचलली, बाजूला ठेवली आणि तिसरं बटण दाबलं.