सुपातला खडा

वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी माझ्या नवऱ्याचा मुतखडा तुरीच्या डाळीतून निवडून काढला. हसू आलं तर खुशाल हसा, हल्ली मीही हसते. पण तो खडा पुडीत बांधून मी जिच्या हातावर ठेवला, ती वैद्य सुलभाताई दीड महिन्यापूर्वी गेली... त्या सकाळी तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी डाळच निवडत होते असं लिहिलं असतं तर लेखाला शोभलं असतं. खरं म्हणजे मी टीव्हीवर कालची मालिका दुसऱ्यांदा बघत होते.

तेव्हा आम्ही हर्सूलला नवीनच राहायला आलो होतो. यांच्या कंबरेतून कळ उठली, एक्स-रेचा फोटो काढला, तर खडा निघाला, डाळीच्या दाण्याएवढा. दोन गल्ल्या सोडून सुलभाताईनं सासरच्या ओसरीत दवाखाना थाटला होता. वयानं माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, पण बोलणं सासूसारखं. तिनं टेबलाच्या खणातून भिंग काढलं, फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "लहान आहे, पडेल. मोठा असता तर मी हात लावला नसता." मग गोखरू, पाषाणभेद आणि वरुणाची साल यांचा काढा दोन वेळा, कुळथाचं कढण रोज, पाणी भरपूर. लघवी मलमलच्या फडक्यातून गाळायची, खडा सापडला की आणून दाखवायचा. आणि सापडो न सापडो, महिन्यानं पुन्हा फोटो. "थंडी वाजून ताप आला तर काढा ठेवा बाजूला आणि थेट मोठ्या दवाखान्यात," हे तिनं मला दोनदा म्हणायला लावलं. मी शाळेतल्यासारखं म्हटलंही.

तीन आठवडे घरभर कुळथाचा वास. हे ताटावर बसले की म्हणायचे, "घोड्याला घालतात ते मला घालतीस व्हय?" फडकं गाळून गाळून मी वैतागले होते, खड्याचा पत्ता नाही. त्यातच गंगापूरला माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. सुलभाताई म्हणाली, "दुसरा फोटो होईपर्यंत त्यांना कुठं हलवू नकोस." नवरा सोडून करवलीनं एकटीनं मिरवायचं? आणि मी तर अंजिरी रंगाचं पातळ घेऊन ठेवलेलं... यांची कळ चार दिवस थांबली होती. मी स्वतःलाच सांगितलं की खडा पडलाच असणार, आपल्या नजरेतून सुटला एवढंच. तेवढ्यात सुपात डाळीबरोबर एक तपकिरी, खडबडीत खडा दिसला. मला वाटलं, देवानंच पाठवला. देवाला त्या वेळी दुसरी कामं नसावीत, असा माझा अंदाज.

मी आधी यांना दाखवला. हे इतके खूश झाले की कुळथाचं भांडंच परसात नेऊन उपडं केलं. मग पुडी घेऊन मी सुलभाताईकडं गेले. तिनं तो तळहातावर घेऊन उजेडात धरला. तिच्या दवाखान्यात तेव्हा दिवसाला दोन माणसं यायची, तीही खोकल्याची. आतून सासरे ऐकू जाईल असं विचारायचे, "पडला का गं कुणाचा खडा, का नुसतंच उकळतीस?" तिनं विचारलं, "फडक्यातच सापडला ना?" मी म्हटलं, "मग काय, ताई!" ती म्हणाली, "तरी फोटो काढून घे." मी म्हटलं, "खडा हातात आल्यावर फोटो कशाचा काढायचा?" ती हसली. तो खडा काचेच्या बाटलीत घालून तिनं टेबलावर ठेवला, सासऱ्यांना जाता-येता दिसेल असा.

हळदीच्या दिवशी हे मांडवातच थरथरायला लागले. अंग तव्यासारखं तापलेलं, लघवी अडलेली. मिळेल त्या जीपमध्ये घालून शहरात मोठ्या दवाखान्यात आणलं. निरोप मिळताच सुलभाताई धावत दवाखान्यात आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "यांचा खडा पडलाय, मी स्वतः पाहिलाय." ते ऐकून डॉक्टर तापाचं दुसरंच काही कारण शोधायच्या बेतात होते, तेव्हा मी तोंड उघडलं. हळदीच्या हातानं, सगळ्यांसमोर. "नाय पडला. तो डाळीतला होता." खडा खाली सरकून अडकला होता, वरचं पाणी तुंबून त्यात पू झाला होता. घाईनं नळी घालून ते काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर किडनी गेली असती, कदाचित माणूसही. अंजिरी पातळ मी नंतर कधी नेसले नाही.

सुलभाताई मला एक शब्द बोलली नाही. रोज डबा आणायची. घरी सोडलं तेव्हा म्हणाली, "आता अहो-जाहो पुरे. तू म्हण." पुढं चाळीस वर्षं तिचा दवाखाना जोरात चालला, पार पिशोरपासून माणसं यायची. पण कुणी कितीही खडे आणून ओतले तरी फोटो पाहिल्याशिवाय तिनं कुणाला बरं म्हटलं नाही. ताप दिसला की काढ्याची चिठ्ठीसुद्धा लिहायची नाही, स्वतः रिक्षा बोलावून द्यायची. लोक म्हणायचे, बाई फार संशयी. मला वाटायचं, हा संशय मी तिला लावला. तिचा भाबडेपणा मी मारला.

ती जाण्याआधी पंधरा दिवस मी तिच्याकडं गेले होते. हृदय थकलं होतं तिचं, बोलताना धाप लागायची. आमचे हे पंच्याहत्तरीत दोन्ही किडन्या शाबूत ठेवून माझ्याशी भांडतात, हे ऐकून ती हसली. मग मी चाळीस वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "ताई, मी तुला फसवलं. तू मला एकदा तरी शिवी द्यायची होतीस गं."

माझा हात धरून ती म्हणाली,

"भिंग खणातच होतं, द्वारके. मी ते काढलं नाही. काढलं असतं तर खडा डाळीतला निघाला असता."