भिंतीवरचा पिवळा चौकोन

ठाण्यातल्या आमच्या भुयारी स्थानकात अजून मोबाईलला रेंज येत नाही. वर काय घडलं ते खाली असेपर्यंत कळत नाही. त्या दिवशी सकाळपासून मी फलाटाच्या पातळीवर होते. जेवायला वर आले, प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवलं आणि खिशातला फोन थरथरायचा थांबेना. वंदनाताई गेल्या. वर्तकनगरच्या घरी, चहा पिता पिता... मी पायरीवरच बसले. त्या पायऱ्याही त्यांच्याच आग्रहाने झालेल्या. रस्त्यावरून आत शिरताना आधी थोडं वर चढायचं आणि मग खाली उतरायचं. खाली जायचं तर आधी वर कशाला, असं मी नोकरीच्या पहिल्या दिवशी नकाशा बघून विचारलं होतं. "पावसात ये, पाणीच सांगेल," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मी मुरबाडकडची, मराठी शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. आंबिवलीला मावशीकडे राहून या कामावर रुजू झाले तेव्हा मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीत बोलत आणि मी मान खाली घालून बसत असे. ताई आमच्या वरिष्ठ इंजिनीयर. एकदा त्यांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला आणि सगळ्यांसमोर तो मराठीत समजावून सांगायला लावला. मी सांगितला. त्या दिवसानंतर मान खाली गेली नाही. आज या स्थानकावर माझी सही चालते. माझ्या आईबाबांना ती सही वाचता येत नाही, पण ती कुणामुळे आहे हे त्यांना माहीत आहे.

ताई खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. स्थानकाची एक भिंत त्यांच्या भावाच्या घराला जवळजवळ खेटूनच जाणार होती. देशातली पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हा त्यांचे खापरपणजोबा जाळं तसंच टाकून ती बघायला धावले होते, असं त्यांच्या घरात सांगत. "तेव्हा आमचे लोक गाडी बघायला गेले, आता गाडीच आमच्या घराखाली येतेय," असं त्या हसून म्हणायच्या. पण हसण्यामागे काळजी असायची. रस्त्याखालचं भुयारी स्थानक बऱ्याचदा उलट्या क्रमाने बांधतात. आधी जमिनीत खोल चर खणून दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या भिंती ओततात, मग छप्पर घालतात, त्यावरून रस्ता पुन्हा सुरू करतात आणि मग छपराखालची माती काढत खाली जातात. आधी तिकिटांचा मजला, त्याखाली फलाट. वरच्या माणसाला वाटतं काम संपलं, आणि खरं भय तिथून सुरू होतं. माती निघू लागली की बाजूची जमीन थोडी सरकू शकते. म्हणून आम्ही जवळपासच्या घरांतल्या जुन्या भेगांवर प्लास्टरने काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या होत्या. भेग जरा जरी रुंदावली तरी काच तडकते. जमीन मोजणारी यंत्रंही रस्त्यालगत होती, पण घराचं खरं काचच सांगते, असं ताई म्हणत.

त्यांच्या भाचीचं, कविताचं, लग्न ठरलं. त्याच आठवड्यात त्या बाजूचं खोदकाम सुरू व्हायचं होतं. खोदकाम सुरू व्हायच्या सकाळी आम्ही दोघी पट्ट्या बघायला गेलो. दारात मांडव, ओटीवर बायका तांदूळ निवडत बसलेल्या, आतल्या खोलीत आदल्या दिवशी हळद लागलेली कविता. आणि भिंती... लख्ख पिवळ्या. लग्नघर म्हणून सगळं घर रंगवून काढलं होतं आणि त्यात आमच्या काचाही रंगवल्या होत्या. एकही दिसत नव्हती.

"आगो, भिंतीला मलमपट्टी केल्यासारखं दिसत होतं," ताईंची वहिनी म्हणाली. "पावने काय म्हनतील? म्हनून घेतला हात मारून."

ताईंनी विळीजवळची सुरी उचलली आणि रंग खरवडायला लागल्या. बायकांचे हात थांबले. पहिली पट्टी अखंड. दुसरी अखंड. कविताच्या खोलीतली, खिडकीखालची पट्टी मधोमध तडकलेली निघाली.

भिंतीचा चर खणताना जमीन सरकून तडकली, की रंगाऱ्याचा हात लागून? रंगारी शपथेवर नाही म्हणत होता. ती कधी तडकली, हेही रंगाने झाकून टाकलं होतं. खाली खोदणारी यंत्रं तयार उभी होती, ताईंच्या इशाऱ्याची वाट बघत. घर रिकामं करायचं किंवा खोदकाम थांबवायचं, तिसरा मार्ग नव्हता. वहिनीने आधीच सांगून टाकलं, हळद लागलेली पोर उंबरा ओलांडनार नाय.

भाऊ पुढे आला. "वंदे, तूच सांग. घर पडंल काय?"

"माहीत नाही, दादूस," ताई म्हणाल्या.

एवढी शिकलेली बहीण, अख्ख्या वाड्याचा जिच्यावर भरवसा, ती सगळ्यांसमोर माहीत नाही म्हणाली. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. सुरीला पिवळा रंग लागला होता. मग त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मॅडम, हे तुमच्या भावाचंच घर ना? घरच्या लग्नासाठी काम थांबवलं म्हणतील लोक."

"म्हणतील. खोदकाम बंद ठेवा."

त्यांनी स्वतः नवी पट्टी बसवली आणि जमीन अजून सरकतेय का ते कळावं म्हणून मला तिच्यापाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी वरात निघाली. दारात बँजो, त्यावर सगळा वाडा नाचत होता, ओटी हादरत होती, आणि मी नवी साडी नेसून काचेपुढे उकिडवी. वहिनी मला म्हणाली, "पोरी, नवरा तिकडं हाय, भिंतीत नाय." सगळ्या हसल्या. मला हसू येईना. ताई कविताच्या पाठवणीत रडत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवायची... ठीक आहे.

काच तडकली नाही. त्या दिवशी नाही, नंतर खोदकाम सुरू झालं तेव्हाही नाही. ऑफिसात मात्र 'वऱ्हाडासाठी थांबलेलं स्टेशन' असं नाव पडलं. बढतीच्या वेळी ताई मागे राहिल्या आणि तशाच निवृत्त झाल्या. मला ते फार लागलं होतं. एकदा मी विचारलंच, वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "काच फुटली असती तर मी शहाणी ठरले असते. त्यापेक्षा हे बरं."

त्यांच्या बाराव्याला मी कोळीवाड्यात गेले. त्या घराला लागून जमिनीखाली आता स्थानक उभं आहे, जमीन कधीच स्थिरावली, पट्ट्यांचं काम संपून बराच काळ झाला. घराच्या भिंती आता निळ्या आहेत, मधे एकदा हिरव्याही होत्या म्हणे. कविताच्या खोलीत खिडकीखाली मात्र एक वीतभर चौकोन पिवळाच आहे, लग्नातला, आणि त्याच्या मध्ये ताईंनी बसवलेली काच. वहिनी म्हणाली, दर वेळी रंगाऱ्याला आधी तेच सांगावं लागतं. "तेवढी वंदीची जागा सोड."

मी सवयीने खाली वाकले. दादूस दारात येऊन उभे राहिले.

"बघ गो पोरी. हाय ना धड?"

मी काचेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आहे, दादूस."